गार्डांची शिक्षिका

अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना टीव्हीवर बघताना कॅमेरा सारखा मुख्य प्रशिक्षकावर जातो. बाकावर तिच्या शेजारी सहायक बसलेले असतात, त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात. पण कामाची वाटणी त्यांच्यातच झालेली असते. बास्केटखाली खेळणाऱ्या उंच मुली एकीकडे, चेंडू खेळवणाऱ्या गार्ड दुसरीकडे. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडच्या नोटर डेम विद्यापीठात २००७ ते २०१९ या काळात गार्डांची जबाबदारी नीएल आयव्हीकडे होती.

त्या बारा वर्षांत तिच्यासमोर सराव करून गेलेल्या मुली कोण, ते बघा. स्कायलर डिगिन्स, ज्युएल लॉइड, लिंडसे ॲलन, अरीके ओगुनबोवाले, मरीना मेब्री, जॅकी यंग. व्यावसायिक लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये लॉइड २०१५ साली आणि यंग २०१९ साली पहिल्याच क्रमांकावर उचलली गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये डिगिन्स आणि लॉइड अमेरिकेच्या पाच जणींच्या संघात होत्या, यंग तीन-तीनच्या बास्केटबॉलमध्ये. तिघींनी सुवर्णपदक घेतलं.

सगळं श्रेय आयव्हीला देणं भाबडेपणा ठरेल. या मुली विद्यापीठात आल्या तेव्हाच देशातल्या अव्वल खेळाडूंत गणल्या जात होत्या. शिवाय १९८७ ते २०२० अशी तेहतीस वर्षं नोटर डेमचा संघ सांभाळणाऱ्या मुख्य प्रशिक्षक मफेट मॅग्रॉ स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाल सुरू करणारी मुख्य गार्ड, होत्या आणि अमेरिकेतली महिलांची पहिलीवहिली व्यावसायिक लीगही थोडा काळ खेळल्या होत्या. म्हणजे गार्डांचं शिक्षण त्या घरात आधीपासूनच चालू होतं. मला कुतूहल आहे ते आयव्हीने त्यात काय घातलं याचं.

गार्डला नेमकं काय शिकवायचं असतं? ड्रिबल, पास, नेम या गोष्टी शाळेतच झालेल्या असतात. कॉलेजात आलेली मुलगी शाळेतल्या बचावाला वेगाने मागे टाकायची, इथे तिच्यासमोर तितक्याच वेगाची मुलगी उभी राहते. मग खरा धडा सुरू होतो. सर्वांत जास्त खेळली जाणारी चाल घ्या. एक उंच सहकारी येऊन गार्डच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते, याला स्क्रीन म्हणतात. गार्ड तिच्या खांद्याला घासून निघते. त्या क्षणी समोरच्या संघाकडे चार-पाच उत्तरं असतात. उंच बचावपटू मागे बास्केटकडे सरकेल, किंवा बाहेर येऊन वाट अडवेल, दोघी आपापली माणसं बदलतील, नाही तर दोघी मिळून गार्डलाच कोंडीत धरतील. प्रत्येकाला वेगळी तोड आहे. मागे सरकली तर मधल्या अंतरावरून फेक, बाहेर आली तर तिच्या मागे मोकळ्या झालेल्या सहकारिणीला पास, कोंडी केली तर चेंडू लवकर सोडायचा, कारण पलीकडे चौघी विरुद्ध तिघी असा हिशेब झालेला असतो. हे सगळं अर्ध्या सेकंदात, चेंडूकडे न बघता ओळखायचं. महिलांच्या कॉलेज खेळात बास्केटकडे फेक करायला तीस सेकंद मिळतात, त्यातले सात-आठ चेंडू पुढे आणण्यातच जातात.

म्हणून गार्डच्या प्रशिक्षकाचा बराचसा वेळ मैदानाबाहेर व्हिडिओसमोर जातो. चित्रफीत थांबवायची, विचारायचं, कोपऱ्यातल्या बचावपटूचा पाय कुठे होता? नियमाप्रमाणे हंगामात विद्यार्थी खेळाडूंचा आठवड्याला फक्त वीस तास सराव घेता येतो. त्या वीस तासांत संघाच्या चाली, व्यायाम, व्हिडिओ सगळंच बसवायचं, मग एकेका गार्डच्या वाट्याला किती उरणार! त्यामुळे चांगला सहायक बोलतो कमी. एका मुलीला एका आठवड्यात एकच गोष्ट सांगतो आणि ती रक्तात उतरली की पुढची.

आयव्हीला हे कुठून आलं? ती सेंट लुईसची. १९९६ साली नोटर डेमला आली आणि पाच सामन्यांतच गुडघ्याचा अस्थिबंध तुटून पहिला हंगाम संपला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्यांदा गुडघा गेला. वाया गेलेल्या हंगामाच्या बदल्यात पाचवं वर्ष मिळालं, म्हणून ती २००१ च्या संघात होती, नाही तर नसती. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांच्या फेरीला पोचला, आणि योगायोग असा की ती फेरी सेंट लुईसमध्येच होती. उपांत्य सामन्यात सोळा गुणांनी मागे पडूनही त्यांनी कनेटिकटला ९०-७५ असं हरवलं. अंतिम सामन्यात पर्ड्यूविरुद्ध शेवटचे ५.८ सेकंद उरले असताना रूथ रायलीने दोन फ्री थ्रो टाकले आणि ६८-६६ ने विद्यापीठाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. पॉइंट गार्ड आयव्ही, जन्मगावच्या प्रेक्षकांसमोर.

त्या संघात गार्डांवर काम करणारी सहायक होती कोकीस वॉशिंग्टन. तीही नोटर डेमची गार्ड, शिकलेली वकील आणि त्याच काळात उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीए खेळणारी. २००० साली ह्यूस्टन कॉमेट्सच्या विजेत्या संघात ती होती. म्हणजे हिवाळ्यात शिकवायचं ते उन्हाळ्यात स्वतः करून बघायचं. २००७ मध्ये वॉशिंग्टन पेन स्टेटची मुख्य प्रशिक्षक होऊन गेली आणि तिच्या जागी आयव्ही आली.

मधली सहा वर्षं आयव्हीसाठी चमकदार नव्हती. इंडियाना फीव्हरने २००१ च्या ड्राफ्टमध्ये तिला एकोणिसावी निवडली. फेब्रुवारी २००२ मध्ये मुलगा झाला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती पुन्हा मैदानावर. पाच हंगाम खेळली, बहुतेक बाकावरून उठून येणारी राखीव गार्ड म्हणून. मग झेवियर विद्यापीठात प्रशासकीय नोकरी. चाहत्याच्या नजरेने ही सामान्य कारकीर्द आहे. प्रशिक्षकाच्या नजरेने बघितलं तर मला ती फार उपयोगाची वाटते. जन्मजात चमक असलेल्या खेळाडूला आपण ते कसं केलं हे पुष्कळदा सांगता येत नाही. बाकावरून चार मिनिटांसाठी उठणारीला मात्र समोरचा बचाव आधीच वाचून ठेवावा लागतो, कारण लय सापडेपर्यंत चुका करत राहायची सवलत तिला नसते.

पहिली मोठी शिष्या साउथ बेंडचीच निघाली. डिगिन्स २००९ ला आली आणि तिच्या काळात संघ सलग तीन वर्षं अंतिम चार संघांत गेला. तिथे दोन अंतिम सामने हरलाही, २०११ ला टेक्सस ए अँड एमकडून, २०१२ ला बेलरकडून. चेंडू हिसकावण्याचा, म्हणजे स्टील्सचा, विद्यापीठाचा विक्रम तोवर आयव्हीच्या नावावर होता. तो डिगिन्सने मोडला. मास्तरणीला याहून चांगली गुरुदक्षिणा कोणती!

२०१८ चा हंगाम वेगळाच. चार मुलींचे गुडघे गेले आणि खेळायला जेमतेम सात जणी उरल्या. दोनदा गुडघ्याची दुखापत झालेली प्रशिक्षक बाकावर असणं अशा हंगामात काय मोलाचं असेल, ते सांगायला आकडा नाही. मेब्री मुळात फेकी करणारी गार्ड, तिच्या हाती पॉइंट गार्डचं काम आलं. उपांत्य सामन्यात तोवर अपराजित असलेल्या कनेटिकटविरुद्ध जादा वेळेत, एक सेकंद उरला असताना ओगुनबोवालेने बास्केट केली, ९१-८९. अंतिम सामन्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध पंधरा गुणांची पिछाडी भरून काढली आणि बरोबरी असताना तीन सेकंद उरले. चेंडू बाहेरून आत टाकायचा होता यंगने. ठरलेली चाल होती उंच जेसिका शेपर्डला पास देण्याची. शेपर्डवर पहारा घट्ट दिसताच यंगने चेंडू ओगुनबोवालेला दिला. तिने उजवीकडे झेप घेत तीन गुणांची फेक केली आणि घड्याळात ०.१ सेकंद उरला. ६१-५८. जगाने फेक पाहिली. मी ती चित्रफीत बघतो तेव्हा यंगकडे बघतो. ठरलेलं सोडून द्यायचं धाडस एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्या गोंगाटात झालं, आणि गार्डचं शिक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्याच वर्षी बेलरविरुद्धच्या अंतिम सामन्यात, दोन गुणांनी मागे असताना, १.९ सेकंद उरले होते आणि त्याच ओगुनबोवालेला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला चुकला. ८२-८१ ने हार. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नोटर डेमच्या सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचही जणी निवडल्या गेल्या, आणि आयव्हीही विद्यापीठ सोडून पुरुषांच्या एनबीएमध्ये मेम्फिस ग्रिझलीजची सहायक म्हणून गेली. तिथे एकच हंगाम झाला. एप्रिल २०२० मध्ये मॅग्रॉ निवृत्त झाल्या आणि आयव्ही मुख्य प्रशिक्षक म्हणून परतली. सोबत सहायक म्हणून कोण आलं? कोकीस वॉशिंग्टन. जी कधीकाळी शिकवत होती, ती तेव्हा हाताखाली आली.

घरातला गार्डही तोवर मोठा झाला होता. मुलगा जेडन नोटर डेमच्याच सरावाच्या मैदानावर, आईच्या गार्डांचा सराव बघत वाढला. कॉलेजसाठी त्याने निवडलं पर्ड्यू, आईने २००१ ला हरवलेलं. २०२२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला पाचवा उचलला.

मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष १० जय, १० पराजय असं कोरडं गेलं. मग ऑलिव्हिया माइल्स आली. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण, पास आणि रिबाउंड तिन्हींत दोन आकडे गाठणारी ती पहिल्या वर्षाची पहिलीच खेळाडू, मुलांमुलींत मिळून. तिच्यामागून २०२३ ला हॅना हिडाल्गो आली. ती उंचीने लहान, आणि समोरच्या गार्डच्या हातातला चेंडू पळवण्यात देशात पुढे. दोघींना एकत्र खेळवणं हा गार्डांच्या शिक्षिकेसाठी सणच असायला हवा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. मार्चअखेरीस सोळा संघांच्या फेरीत टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाने त्यांना हरवलं, आणि काही आठवड्यांत माइल्स, डब्ल्यूएनबीएत जायचं टाळून, त्याच टेक्सस ख्रिश्चनमध्ये खेळायला गेली.

हे आताच्या कॉलेज खेळाचं नवं वास्तव आहे. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक हंगाम बाहेर बसावं लागे, आता तसं नाही, आणि नाव-प्रतिमेच्या करारांतून पैसाही मिळतो. खेळाडूंना हा हक्क मिळाला ते योग्यच झालं, वर्षानुवर्षं विद्यापीठांनी त्यांच्या जिवावर कमावलं होतं. पण डिगिन्स, ॲलन, ओगुनबोवाले चार-चार वर्षं थांबल्या म्हणून तेव्हा एका आठवड्यात एकच गोष्ट सांगायची चैन परवडत होती. आता गार्ड पुढच्या वर्षी आपलीच असेल याची खात्री नाही, तेव्हा पहिल्या वर्षी काय शिकवायचं आणि काय राहू द्यायचं, हा हिशेब आयव्हीला नव्याने मांडावा लागतो आहे. हिडाल्गो राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲक्रनविरुद्ध तिने एका सामन्यात ४४ गुण केले आणि १६ वेळा चेंडू हिसकावला.