बुद्धिबळाला आजोबा असतात

तुम्हाला बुद्धिबळ कोणी शिकवलं, आठवतंय का?

आमच्या सहावीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा भराभर हात वर झाले. आजोबांनी! ताईने! शेजारच्या काकांनी! एक पठ्ठ्या तर म्हणाला, "बाई, मी केस कापायच्या दुकानात शिकलो. नंबर लागायला वेळ असतो ना!" पुस्तक वाचून शिकलेलं मात्र एकही निघालं नाही. प्रत्येकासमोर कुणीतरी बसलेलं होतं. उंट तिरका कसा जातो ते दाखवणारं, आणि पहिल्या आठ-दहा डावांत मुद्दाम आपला वजीर मारू देणारं!

मला हा प्रश्न का पडला, त्याची गंमत सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला होता. कॉलेजात शिकतो, कॉम्प्युटर म्हणजे त्याचा जीव की प्राण. जाताना माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून गेला. 'बॅटल फॉर वेसनॉथ' त्याचं नाव. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ साली तो सुरू केला, आणि मग हौशी लोकांनी मिळून वाढवला. खेळ फुकट आहे, म्हणून तर मास्तरणीच्या लॅपटॉपवर आला!

कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे धाडधाड गोळ्या येतात, हो ना? हा तसा नाही. इथे पाळीपाळीने खेळायचं. याला टर्न-बेस्ड खेळ म्हणतात. तुमची पाळी आली की खुशाल अर्धा तास डोकं खाजवा, शत्रू बिचारा वाट बघत उभा राहतो. पट मधाच्या पोळ्यासारखा, षटकोनी घरांचा. जंगलात एल्फ नावाच्या लोकांना घाव घालणं कठीण, कारण ते झाडीत सहज लपतात. गावात मुक्काम केला की जखमा भरून येतात. शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडलं की बहुतेकांना तिथेच थांबावं लागतं. आणि खरी मेख म्हणजे दिवस-रात्र! माणसांचे शिपाई दिवसा पंचवीस टक्के जास्त जोराने लढतात, रात्री तेवढेच ढेपाळतात. ऑर्क नावाच्या राक्षसांचं बरोबर उलटं.

मला खेळ फार आवडला. म्हटलं, शनिवारी दप्तराविना शाळा असते, मुलांना दाखवू. घाईघाईत नेला आणि घोटाळा केला.

लॅपटॉपसमोर दोघांना बसवलं. एक मुलगी, केंद्राच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिली आलेली. दुसरा, तो केस कापायच्या दुकानात शिकलेला. तिला दिली माणसांची फौज, त्याला राक्षसांची. नियम मी पाच मिनिटांत सांगितले. म्हणजे माझ्या मते सांगितले! तिने बुद्धिबळात करते तसं झपाट्याने पटाचं मधलं अंगण धरलं. तिथे पोचेपर्यंत पडद्यावर रात्र झाली. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

"बाई, याचा नेम चुकतोच कसा? घोड्याने प्यादं मारलं म्हणजे मारलं ना!" ती रडवेली झाली होती. पंधरा मिनिटांत तिचा सरदार पडला. आणि जो जिंकला, त्याला आपण का जिंकलो हेच ठाऊक नव्हतं. दोघंही उठली. "त्यापेक्षा खो-खो खेळू," असं म्हणून सगळा वर्ग मैदानावर पळाला. मी एकटी लॅपटॉप मिटत बसले.

रात्री भाच्याला फोन केला. तो पोट धरधरून हसला. "मावशी, शिकवणीचा डाव असतो ना त्यात! तू एकदम लढाईतच ढकललंस?" मग त्याने एक जुनं भांडण सांगितलं. असले खेळ फार थोडे लोक खेळतात. क्रिकेटच्या मैदानाशेजारी आट्यापाट्यांची जी गत, तीच यांची. बनवणारेही पुष्कळदा दोघं-चौघंच असतात. त्यांच्यापुढे प्रश्न असा की, या खेळाला डेमो काढायचा का? म्हणजे फुकट खेळून बघायचा लहानसा नमुना. आणि कॅम्पेन, म्हणजे एकापाठोपाठ एक लढायांची गोष्टीत गुंफलेली मोहीम, तीही रचायची का? या दोन्हीत महिनेच्या महिने जातात. काहीजण म्हणतात, कशाला? ज्यांना आवड आहे ते घेतातच. नुसते चार नकाशे द्या, लोक आपापसात लढतील. बुद्धिबळाला कुठे मोहीम असते?

झालं! त्या वाक्यावर मी अडले. म्हणून सोमवारी वर्गात तो प्रश्न विचारला. बुद्धिबळाला मोहीम लागत नाही, कारण बुद्धिबळाला आजोबा असतात. वेसनॉथला आमच्या गावात आजोबा कुठून आणायचे?

एक जुनी हकिकत सांगते. सैनिकी युद्धखेळाची सुरुवातच मुळी डेमोने झाली. युरोपात प्रशिया नावाचं राज्य होतं, आजच्या जर्मनीचा पूर्वज म्हणा ना. तिथे राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी एक खेळ तयार केला. वडिलांनी १८१२ मध्ये तो राजाला दाखवला. मुलगा सैन्यात अधिकारी होता. त्याने तो सुधारून १८२४ मध्ये पुढे आणला. नकाशावर लाल-निळे ठोकळे मांडायचे, एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि निकाल द्यायला एक पंच. सैन्याचे प्रमुख जनरल म्युफलिंग यांना हा खेळ बघायला बोलावलं. ते आले ते अगदी थंडपणे, काहीतरी पोरखेळ असणार अशा समजुतीने. पण डाव पुढे सरकू लागला तसे ते रंगत गेले, आणि शेवटी त्यांनीच सगळ्या सैन्याला या खेळाची शिफारस केली! आता मला सांगा, राइसविट्झने त्यांच्या हातात नुसतं नियमांचं पुस्तक ठेवलं असतं तर त्यांनी दुसरं पान तरी उलटलं असतं का?

आज खेळ विकले जातात इंटरनेटवर. स्टीम नावाचं एक मोठं दुकान आहे. तिथे साधारण असा नियम आहे की, खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. भाचा म्हणाला, "मग डेमो हवा कशाला? घ्या, बघा, नाही आवडला तर परत करा." ऐकायला बरं वाटतं. पण मोटारींच्या शर्यतीचा खेळ दोन तासांत पुरता कळतो. युद्धखेळात दोन तास गेले तरी आपण कुठलं सैनिक कुठे उभं करायचं यावरच अडलेले असतो! म्हणजे खेळ आवडू लागायच्या आतच परत करायची मुदत संपते. शिवाय आधी पैसे तर भरायला हवेत, आणि तुमच्यापैकी किती जणांच्या हातात ते असतात? त्याच दुकानात वर्षातून तीनदा, यायच्या बेतात असलेल्या नव्या खेळांच्या डेमोंची जत्रा भरते. लहान खेळवाल्यांनी तिथे पाल टाकलंच पाहिजे, असं माझं मत आहे. मात्र डेमो कसा हवा? मोठ्या लढाईचा तुकडा तोडून "पुढचं बघायला पैसे द्या" असा नको. लहानशी, पण पुरी लढाई हवी. हरायला-जिंकायला मिळालं पाहिजे.

आता मोहिमेचं. १९७७ साली अमेरिकेत 'स्क्वॉड लीडर' नावाचा पटावरचा युद्धखेळ निघाला. त्याचे नियम इतके की डोकं गरगरावं. पण बनवणाऱ्यांनी युक्ती केली. पेटीत बारा लढाया दिल्या आणि सांगितलं, आधी थोडे नियम वाचा, पहिली लढाई खेळा. मग पुढचे नियम, पुढची लढाई. आधी नुसते पायदळाचे शिपाई, रणगाडे नंतर. अहो, ही तर आमची पाठ्यपुस्तकाचीच रीत! पहिलीच्या मुलाला कुणी एकदम जोडाक्षरं लिहायला लावतं का? जपानमध्ये १९८८ साली 'फॅमिकॉम वॉर्स' निघाला, तो बाहेरच्या देशांत विकायलाच आणला नाही. त्याच घराण्यातला 'ॲडव्हान्स वॉर्स' २००१ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्यात आधी धड्यामागून धडे देणारं प्रशिक्षण होतं आणि मग मोहीम. पुष्कळ मुलं त्या एका खेळावरून या वाटेला लागली.

पुढच्या शनिवारी मी शहाणी झाले होते. मुलांना आधी वेसनॉथमधला शिकवणीचा डाव लावून दिला. त्यात एक म्हातारा जादूगार असतो, तो सरावाच्या पुतळ्यावर वार करायला शिकवतो. (हे बघा, खेळवाल्यांनी आजोबाच बसवले आहेत की!) मग 'दोन भावांची गोष्ट' नावाची मोहीम. फक्त चार लढायांची. आधीच्या लढाईत जे सैनिक वाचले, त्यांना पुढच्या लढाईत वीस मोहरा देऊन परत बोलावता येतं. त्यांना लढून लढून अनुभव मिळालेला असतो, त्यातून ते वरच्या दर्जाला चढतात.

इथे त्या मुलीचं खेळणं बदललं. बुद्धिबळात ती प्यादं सहज देते, पुढचा डाव नवाच असतो. इथे तिचा एक सैनिक दुसऱ्या लढाईत अगदी वर चढायच्या बेतात असताना पडला. ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, मागची पाळी परत घेता येते?"

येते. खेळ जपून ठेवलेला असतो, मागे जाता येतं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. तिने तीनदा मागे जाऊन तो सैनिक वाचवला. मुलगे "चीटिंग, चीटिंग!" म्हणून ओरडले. मी काही बोलले नाही. पण तिसऱ्या लढाईत ती सूर्य मावळायच्या आधी आपली माणसं गावांकडे वळवू लागली. मागेही गेली नाही.

म्हणून प्रत्येक मोहीम चांगलीच, असं मात्र नाही हं. १९९४ साली 'पॅन्झर जनरल' नावाचा गाजलेला खेळ आला. पाळीपाळीचा, षटकोनी घरांचा, अनुभवी तुकड्या पुढे नेणारा. रचना इतकी झकास की अजून लोक आठवण काढतात. पण त्याच्या मोठ्या मोहिमेत आपण हिटलरच्या सैन्याचे सेनापती! १९३९ च्या पोलंडपासून सुरुवात, आणि जितकं झकास जिंकाल तितके पुढचे देश घ्यायला मिळतात. ते सैन्य जिथे जिथे पोचलं तिथल्या माणसांचं काय झालं, ते पटावर कुठेच दिसत नाही. सुटी लढाई एखाद्या कोड्यासारखी सोडवता येते. मोहिमेत मात्र आपण त्या सैन्यावर माया करू लागतो. तो खेळ मी वर्गात लावणार नाही.

आणि लांबलचक मोहिमा? वेसनॉथमध्येच एक आहे, वीसहून जास्त लढायांची. आमच्या वर्गातलं कुणीही तिच्या टोकाला पोचलेलं नाही. दोघा-चौघांनी मिळून खेळ बनवायचा असेल तर त्यांनी असल्या रामायणात पडू नये. चार-पाच लढाया नीट रचा, ज्यांतून खेळ शिकता येईल. कॉम्प्युटरला बऱ्यापैकी लढायला शिकवा, कारण थोड्या लोकांच्या खेळात हव्या त्या वेळी जोडीदार मिळत नाही. नकाशे बनवायचं साधन खेळणाऱ्यांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. वेसनॉथच्या कितीतरी मोहिमा खेळणाऱ्यांनीच रचून इतरांना वाटल्या आहेत. केस कापायच्या दुकानातला आमचा पठ्ठ्या तर म्हणतो, "बाई, गोष्टबिष्ट नको. नकाशा द्या आणि समोर कुणीतरी द्या." त्याचंही खरं आहे. पण आता त्याला समोर कुणीतरी मिळतं, ते त्या चार लढायांमुळे.

मागच्या शनिवारी त्या मुलीचे आजोबा तिला न्यायला आले. बुद्धिबळ शिकवलेले तेच ते. तिचा डाव चालू होता, म्हणून ते मागच्या बाकावर टेकले. थोड्या वेळाने चष्मा पुसून जवळ आले. तिने आपला डाव जपून ठेवला आणि त्यांच्यासाठी शिकवणीचा पहिला धडा लावला.

"हा घोडा अडीच घरं का जात नाही गं?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, हा घोडा वेगळा आहे. थांबा, हात लावू नका, आधी ऐका," ती म्हणाली. मी शाळेच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभी होते. साडेअकरा वाजून गेले होते.