मुखवटाधारी वीराच्या बाहुल्याची पारख

'झोरो' हा काळा मुखवटा धारण करणारा तलवारबहाद्दर जॉन्स्टन मॅककली ह्यांनीं १९१९ सालीं एका साप्ताहिकांतील कथेंत निर्माण केला. पुढच्याच वर्षीं डग्लस फेअरबँक्स ह्यांनीं तो मूकपटांत साकारला. अशा वीरांचीं एक-षष्ठांश प्रमाणाचीं बाहुलीं संग्राहक मोठें मोल देऊन घेतात. तें मोल रास्त कीं नाहीं, हें कसें ओळखावें?

प्रथम गणित करावें. ह्या प्रमाणांत ६ फूट उंचीचा पुरुष १२ इंचांचा होतो. ४२ इंची तलवार ७ इंचांची भरली पाहिजे. मग वस्त्र पाहावें. कापड लहान कापतां येतें, पण सूत बारीक होत नाहीं. जाड विणीचा झगा गोणपाटासारखा ताठ दिसतो. मुखवट्यानें अर्धा चेहरा झांकलेला असल्यामुळें सारा भाव डोळे, ओठ व हनुवटी ह्यांवरच उमटावा लागतो. अखेर सांधे वळवून पवित्र्यांत उभें करावें. आधाराशिवाय तोल राहिला तर घडण उत्तम.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मुक्ताईनगरांत पोळ्याला पूजिला जाणारा मातीचा बैलही आम्ही ह्याच कसोटीस लावूं: वशिंड प्रमाणांत आहे काय? चारी पाय टेकतात काय? वडिलांच्या कष्टाचा पैसा घडणीसाठीं द्यावा, पेटीच्या झगमगाटासाठीं नव्हे.