कडूकांद्याचं कोडं

मानवाच्या वाटचालीतले टप्पे मोजताना दगडी हत्यारं, विस्तव, शेती, चाक ही नावं आपण पटापट घेतो. विष काढून अन्न शिजवण्याची कला त्या यादीत सहसा नसते. पालघर जिल्ह्यातल्या वारली-कातकरी पाड्यांवर मात्र ती आजही चुलीवर रटरटते.

कडूकांदा घ्या. रानातल्या वेलाला लागतो, त्यात पिष्टही भरपूर, पण कच्चा तोंडात धरवत नाही. कडवटपणा आणणारी द्रव्यं अपायकारकही असतात. म्हणून तो सोलायचा, पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. कडू द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात, पिष्ट मागे उरतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे भाजलेले कंद सापडले. पण ते मुळातच खाण्याजोगे. बोर्निओतल्या निआ गुहेची गोष्ट निराळी. तिथे सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत विषारी रानकंदांचे अवशेष मिळाले. म्हणजे विष उतरवण्याची रीत तेव्हा ठाऊक असणार, आणि शेतीला अजून हजारो वर्षं अवकाश होता. मला हा टप्पा भाजण्याहून मोठा वाटतो. भाजलेला कंद वणव्यातही आयता हाती लागेल. काप, राख, उकड, वाहतं पाणी हा क्रम एका अपघातात जुळत नाही. कुणी चाखलं असेल, कुणी आजारी पडलं असेल, आणि जे वाचले त्यांनी लेकीसुनांना सगळं नीट सांगितलं असेल. त्या सांगण्याचे दगडासारखे अवशेष उरत नाहीत, म्हणून बायकांचं हे संशोधन पाठ्यपुस्तकात आलं नाही.

पावसाच्या तोंडावर बोईसर-पालघरच्या बाजारात येणारी शेवळं याच जातकुळीतली. सुरणाच्या भाऊबंदातली ही रानभाजी. तिच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडांचा आंबट रस घालूनच ती शिजवतात. विकणारी मावशी जुडीसोबत काकडंही पुढे करते. नको म्हटलं तर बजावते, "मंग चिंच तरी घाल, नाय तं घसा खाजंल."