नाकाने ठरवलेली चव

दिसायला मुंगसासारखा, पण कुळाने आपल्या पाणमांजराचा चुलतभाऊ असलेला फेरेट ब्रिटन-अमेरिकेत हौसेने पाळतात. तो पक्का मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर. म्हणून पिष्टमय पदार्थ मिसळलेल्या कोरड्या दाण्यांऐवजी कच्चं मांस द्यावं, असं अनेक पाळणाऱ्यांना वाटतं. पण दाण्यांवर वाढलेला फेरेट कोंबडीचा तुकडा हुंगतो आणि पाठ फिरवतो.

हा निव्वळ नखरा नव्हे. पिल्लू २-३ महिन्यांचं असताना जे वास ओळखीचे होतात, तेच त्याच्या लेखी अन्न. बाकी सगळ्या नुसत्या वस्तू.

तेव्हा फसवणूक नाकापासूनच सुरू करायची. दाणे कोमट पाण्यात भिजवून लगदा करायचा, त्यात चिमूटभर खिमा, मग रोज थोडा जास्त. ओठांना चोपडला की चाटावाच लागतो! ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा आपला घरगुती उपाय मात्र इथे घातक. उपाशी फेरेटची रक्तशर्करा झपाट्याने घसरू शकते, कारण उतारवयात स्वादुपिंडात इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठी त्यांच्यात सर्रास आढळतात.

नुसतं मांसही पुरत नाही. कॅल्शियमसाठी कच्ची हाडं हवीत (शिजवलेल्यांच्या कपच्या होतात), टॉरिन या पोषक घटकासाठी हृदय, आणि थोडं यकृत. कच्च्या मांसात साल्मोनेला जंतूंची भीती आहेच. शिवाय फ्लू! माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला, तो फेरेटांच्याच मदतीने. बर्ड फ्लूही त्यांना होतो, त्यामुळे कोंबडी कुठून आणली हे आधी बघायचं.