तीन अक्षरांचं पाऊल

घटसर्प हा शब्द आज बहुतेक घरांत त्रिगुणी लसीच्या निमित्तानेच कानावर येतो. ज्यांनी तो आजार पाहिला, त्यांना आठवतो तो मुलाच्या घशात धरलेला राखाडी पडदा आणि अडकलेला श्वास. १८८८ मध्ये पॅरिसला एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी दाखवून दिलं की खरा घात करतं ते जंतूने सोडलेलं विष. ते किती जहाल असावं? १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी या विषाचा मारक तुकडा थेट पेशीत सोडून पाहिला. एक पेशी मरायला एक रेणू पुरला.

एवढ्याशा रेणूने पेशीचं असं काय मोडलं, याचं उत्तर त्याआधीच, १९६८ मध्ये, क्योतोमध्ये मिळालं होतं. तासुकु होन्जो, यासुतोमी निशिझुका आणि ओसामु हायाइशी यांना आढळलं की हे विष ईईएफ-२ नावाच्या एकाच प्रथिनाला रासायनिक खोडा घालतं. मग ते त्याचा एक रेणू सोडून दुसऱ्याकडे, दुसरा सोडून तिसऱ्याकडे जातं. विष स्वतः खर्च होत नाही. हळूहळू पेशीतली सगळी ईईएफ-२ निकामी होतात आणि नवं प्रथिन बनणं थांबतं.

ईईएफ-२ हा रायबोसोमचा मदतनीस. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं विणणारं यंत्र. जिवाणूंमधल्या रायबोसोमची रुंदी साधारण २० नॅनोमीटर. लहान आणि मोठा असे त्याचे दोन भाग, आणि त्यांच्यामधून संदेशवाहक आरएनएची पट्टी सरकते. पट्टीवरची दर तीन अक्षरं म्हणजे एक अमिनो आम्ल. ही आम्लं टीआरएनए नावाच्या रेणूंवर बसून येतात. २००० मध्ये येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मोठ्या भागाची रचना उलगडली. जिथे आम्लं एकमेकांना जोडली जातात, त्या जागेजवळ प्रथिन नव्हतंच. होता तो निव्वळ आरएनए. सगळ्या प्रथिनांना जन्म देणारं यंत्र मुळात आरएनएचं आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पण जोडणी करणं हा कामाचा सोपा भाग. अवघड आहे ते योग्य आम्ल आणणं आणि जोडल्यावर पट्टी नेमकी तीन अक्षरं पुढे सरकवणं. दोन नाही, चार नाही. एक अक्षर चुकलं तर पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो. ही दोन कामं दोन इलाँगेशन फॅक्टर, म्हणजे साखळी लांबवणारे मदतनीस, करतात. आणणाऱ्याला जिवाणूंमध्ये ईएफ-टीयू म्हणतात, सरकवणाऱ्याला ईएफ-जी. आपल्या पेशींत ईएफ-जीचं काम ईईएफ-२ करतं.

ईएफ-टीयू आम्ल घेतलेल्या टीआरएनएला धरून रायबोसोमपाशी येतं. टीआरएनएवरची तीन अक्षरं पट्टीवरच्या तीन अक्षरांशी जुळतात का, हे रायबोसोम चाचपतो. आम्ल कोणतं आहे, याकडे तो बघत नाही. डबेवाला झाकणावरची खूण वाचतो, डबा उघडत नाही, तसं. १९६२ च्या एका प्रयोगात टीआरएनएवर बसलेल्या सिस्टीनचं रसायनाने अॅलनीन करून टाकलं, तर रायबोसोमने ते अॅलनीन निमूटपणे सिस्टीनच्या जागी बसवलं.

जुळणी पटली की ईएफ-टीयूजवळचा इंधनाचा रेणू, जीटीपी, फुटतो, त्याची पकड सुटते आणि ते निघून जातं. आता टीआरएनएला जागेवर पक्कं बसायला एक क्षण लागतो, आणि त्या क्षणात चुकीचा पाहुणा निसटू शकतो. म्हणजे पारख दोनदा होते. जॉन हॉपफिल्डने १९७४ मध्ये आणि त्याच्यापाठोपाठ जाक निनिओने अशा दुहेरी पारखेचं गणित मांडलं होतं. अचूकपणा फुकट मिळत नाही, त्यासाठी वेळ आणि इंधन मोजावं लागतं. तरीही जिवाणूंचा रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस आम्लं जोडतो आणि काही हजारांत एखादी चूक करतो.

अक्षरांची ही पारख नेमकी कशी होते, ते केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने दाखवलं. लहान भागातली आरएनएची तीन अक्षरं वळून जुळलेल्या जोडीचा आकार चाचपतात. रामकृष्णन यांची पहिली पदवी भौतिकशास्त्राची, गायकवाडांच्या बडोद्यातली, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातली. २००९ चं नोबेल त्यांना स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासोबत मिळालं.

मग पाळी ईएफ-जीची. जोडणी झाल्यावर रायबोसोमचे दोन भाग एकमेकांवर किंचित वळतात. ईएफ-जी त्या वळलेल्या रायबोसोममध्ये शिरतं, जीटीपी फोडतं आणि टीआरएनए पट्टीसकट एक पाऊल पुढे जातात. १९९५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुसला टीआरएनए धरलेल्या ईएफ-टीयूचं चित्र मिळालं, तेव्हा ते एकट्या ईएफ-जीसारखंच दिसलं. ईएफ-जीच्या एका टोकाची घडण हुबेहूब टीआरएनएसारखी! जिथे टीआरएनए बसतो, त्याच जागेत हे टोक शिरतं.

घटसर्पाचं विष ईईएफ-२ च्या याच टोकावर घाव घालतं. तिथे हिस्टिडीन नावाचं एक अमिनो आम्ल पेशीने अनेक विकरं राबवून मुद्दाम घडवलेलं असतं. आम्लाच्या या घडवलेल्या रूपाला नावच मिळालं डिफ्थमाइड, आजाराच्या डिफ्थेरिया या नावावरून. आपण इतकं जपून घडवलेलं हे ठिकाण आपल्या शत्रूमुळे ओळखलं जावं, याचं मला वाईट वाटतं. वाचन तीन अक्षरांच्या मापातून घसरू नये, हे त्याचं मूळ काम.

विष एकदा पेशीत शिरलं की प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे पोहोचत नाही, म्हणून घटसर्पात उपचाराची घाई करतात. लस त्याच्या कितीतरी आधी कामाला लागते. ती शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते आणि प्रतिपिंडं विषाला पेशीबाहेरच धरतात. प्रतिपिंडं म्हणजेही प्रथिनं. त्यांच्या साखळ्या ईईएफ-२ तीन-तीन अक्षरं सरकवतच लांबवतं.