विश्लेषण : रात्रीच्या आकाशातल्या ‘त्या’ दिव्याची ओळख पटेल असा फोटो कसा काढायचा?

२०२४ च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्रीची झोप उडाली होती. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या पट्ट्यात अंधार पडला की लाल-हिरवे दिवे आकाशात घिरट्या घालतात, अशी चर्चा गावोगाव सुरू झाली. अहमदनगर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतूनही तशाच तक्रारी येत होत्या. चोरटे ड्रोनने घरांची टेहळणी करतात, ही त्यामागची धास्ती. तरुण काठ्या घेऊन गस्त घालू लागले. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही विषय निघाला. त्या काळात मोबाइलवर फिरलेले व्हिडीओ मात्र बहुतेक एकाच साच्यातले होते : काळा पडदा, मधोमध थरथरणारा ठिपका आणि मागे ‘तो बघ, तो बघ’ असा आवाज. त्यावरून ते ड्रोन होते, विमान होते की चांदणी, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. हा ठिपका ओळखू येईल असा टिपायचा कसा आणि त्यासाठी खरेच महागडा कॅमेरा लागतो का?

‘यूएफओ’ म्हणजे उडती तबकडीच का?

नाही. या इंग्रजी लघुरूपाचा अर्थ एवढाच, की उडणारी वस्तू दिसली, पण तिची ओळख पटली नाही. परग्रहावरचे पाहुणे ही नंतरची भर. या अर्थाने २०२४ मध्ये इंदापूरच्या शिवारावर दिसलेला प्रत्येक दिवा ओळख पटेपर्यंत ‘यूएफओ’च होता. अमेरिकेत आता ‘यूएपी’ हा शब्द वापरतात. ‘नासा’ने नेमलेल्या १६ जणांच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयावर अहवाल दिला. त्यातला मुख्य मुद्दा परग्रहवासीयांचा नव्हताच. मुद्दा होता माहितीच्या दर्जाचा : चित्रण निकृष्ट, कॅमेऱ्याची नीट नोंद नाही, वेळ आणि ठिकाणाचा तपशील अपुरा. अमेरिकी नौदलाची ही अडचण असेल, तर रात्री पिकाला दारे धरायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलची काय कथा!

ओळख पटणे इतके महत्त्वाचे का?

कारण धास्ती माणसांवर निघते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने तो बळी घेतला. रात्री ड्रोनच्या भीतीने जागणाऱ्या गावात अनोळखी माणूस, फिरस्ता विक्रेता किंवा गाडी बंद पडलेला प्रवासी शिरला, तर धोका तोच असतो. जुलै २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यात पोलिसांनी दोघांना पकडले. त्यांनी कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून रात्री उडवले होते आणि लोक ते ड्रोन समजून घाबरले होते.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग गेली आणि शेकडो लोकांनी ती मोबाइलवर टिपली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. वेळ आणि जागा स्पष्ट असल्याने हे चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटचे अवशेष असावेत, हे अंतराळ-अभ्यासकांना लवकर सांगता आले. तेव्हाही बहुतेकांकडे साधेच फोन होते.

फोटोआधी काय ताडून पाहावे?

बारामतीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे छोटी विमाने या भागाला नवी नाहीत. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात असेच एक प्रशिक्षण विमान कोसळले होते. त्याशिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून प्रवासी विमाने जातात. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. शिवाय मिनिटाला साधारण ४० ते १०० वेळा लुकलुकणारे इशारादिवे असतात. ड्रोनलाही लाल-हिरवे दिवे असतात. म्हणूनच नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही.

वेळ जास्त बोलते. अंतराळ स्थानक किंवा ‘स्टारलिंक’ उपग्रहांची आगगाडी ही सूर्यास्तानंतरच्या एक-दोन तासांत किंवा पहाटे दिसते, कारण तेव्हा त्यांच्यावर ऊन पडत असते. मध्यरात्री बारा-एकला आपल्या अक्षांशावर हे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. त्या वेळी संथ जाणारा दिवा दिसला, तर ते कारण बाद. साध्या ड्रोनची बॅटरी वीस ते पंचेचाळीस मिनिटांत संपते. एकाच जागी दोन तास ‘घिरट्या’ घालणारा दिवा बहुधा तारा किंवा ग्रह असतो. पावसाळ्यात ढग पळतात आणि चांदणीच पळाल्याचा भास होतो. हिवाळ्यात क्षितिजालगतचा व्याध लाल-हिरवा-निळा लुकलुकतो, तोही अनेकांना फसवतो.

लग्नाच्या वरातीतल्या किंवा मिरवणुकीतल्या ‘शार्पी’ दिव्यांचे झोत खालच्या ढगांवर पडले, की आकाशात गोल तबकड्या फिरताना दिसतात. शेजारच्या गावात डीजे आहे का, हे आधी विचारलेले बरे. सीसीटीव्हीत रात्री दिसणारे पांढरे गोळे तर बहुतेकदा कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशात उडणारे किडे असतात, आणि उसाच्या पट्ट्यात त्यांना तोटा नाही.

विमानांसाठी ‘फ्लाइटरडार२४’, ताऱ्यांसाठी ‘स्टेलेरियम’ आणि उपग्रहांसाठी ‘हेवन्स अबव्ह’ ही अॅप फोनमध्ये असली, तर निम्मी प्रकरणे अंगणातच मिटतात. मात्र प्रत्येक छोटे विमान विमानांच्या अॅपवर दिसेलच असे नाही.

मोबाइलमध्ये नुसता ठिपकाच का येतो?

हिशेब सोपा आहे. फोनचा मुख्य कॅमेरा सुमारे ६८ अंश रुंद दृश्य चार हजार पिक्सेलमध्ये बसवतो. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंशच व्यापतो, म्हणून फोटोत तो जेमतेम ३० पिक्सेलचा येतो. एक फूट रुंदीचा ड्रोन १२० मीटरवर असेल, तर वाट्याला आठ-दहा पिक्सेल आणि अर्ध्या किलोमीटरवर दोन. दोन पिक्सेलमधून पंख, पाय, कॅमेरा काही दिसणार नाही. बोटांनी झूम केले तरी तेच दोन पिक्सेल ताणले जातात.

त्यातून नव्या फोनमधले सॉफ्टवेअर स्वतःच्या पदरचे भरते. सॅमसंगच्या काही फोनमधील चंद्राच्या फोटोंवरून २०२३ मध्ये वाद झाला होता. मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्राच्या चित्रावरही फोन खड्डे रंगवून देतो, असे एका वापरकर्त्याने दाखवले होते. म्हणजे जास्त झूमचा ‘स्पष्ट’ फोटो हा पुरावा म्हणून कच्चाच.

मग फोन कसा वापरायचा?

फोन हलू द्यायचा नाही, ही पहिली गोष्ट. स्टँड नसेल तर भिंत, ट्रॅक्टरचे बॉनेट, विजेचा खांब, काहीही चालते. फ्लॅश बंद. ‘प्रो’ मोडमध्ये फोकस अनंतावर, म्हणजे डोंगराच्या चिन्हावर ठेवायचा. दिवा पांढरा फटक गोळा दिसत असेल तर उजेड कमी करायचा. इथे बहुतेकांची चूक होते. अंधार म्हणून लोक ब्राइटनेस वाढवतात आणि चार वेगळे दिवे एकमेकांत मिसळून एक ‘तबकडी’ तयार होते. आयएसओ ८०० च्या आसपास आणि शटर १/६० ते १/१२५ सेकंद ठेवल्यास दिवे सुटे दिसू लागतात. नाइट मोड हलत्या वस्तूसाठी वापरू नये, कारण तो अनेक फोटो एकावर एक रचतो.

व्हिडीओ फोटोपेक्षा बरा. त्यात लुकलुकण्याचा ठेका मोजता येतो आणि शांत रात्री जवळच्या ड्रोनची घरघरही येते. मात्र चौकटीत खालचे काहीतरी हवेच : पाण्याची टाकी, नारळाचे झाड, घराचा कोपरा. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्याला दिशा नसते, उंची नसते, वेगही नसतो. चित्रण करतानाच बोलून ठेवावे : किती वाजले, कोणत्या गावात, तोंड नीरा डाव्या कालव्याकडे की उजनीकडे. हात लांब केला असता मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते, म्हणून ‘क्षितिजापासून तीन मुठी वर’ एवढे सांगितले तरी अभ्यासकाला पुरते. चालत्या दुचाकीवरून चित्रण टाळावे. ‘गोफास्ट’ नावाने गाजलेल्या अमेरिकी नौदलाच्या व्हिडीओत वस्तू समुद्रावरून सुसाट जाताना दिसते. ‘नासा’च्या गटाने गणित मांडले, तेव्हा तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास निघाला. बाकीचा वेग चित्रण करणाऱ्या विमानाचा होता.

आणखी एक तपासणी : फोन थोडा फिरवावा. दिवा चौकटीत रस्त्यावरच्या दिव्याच्या बरोबर उलट बाजूला सरकत असेल, तर ते भिंगातले प्रतिबिंब आहे, आकाशात काहीच नाही.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर कोणता?

या भागात कॅमेऱ्यांची माहिती असणारे कमी नाहीत. भिगवण-कुंभारगावला उजनीच्या पाणलोटात रोहित टिपायला आणि कडबनवाडीच्या माळावर चिंकारा पाहायला येणाऱ्यांच्या खांद्यावर १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्स असतात. तीच लेन्स इथे कामाची. ६०० मिलिमीटरवर, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, १२० मीटरवरचा एक फुटी ड्रोन सुमारे अडीचशे पिक्सेलचा दिसतो आणि अर्ध्या किलोमीटरवर साठेक पिक्सेलचा. आकार ओळखायला एवढे पुरे.

अडचण वेगळी असते. रात्री ऑटोफोकस चाचपडतो. त्यामुळे आधी तेजस्वी ताऱ्यावर हाताने फोकस करून रिंगला चिकटपट्टी लावावी. तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसला पाहिजे.

लेन्स न बदलता प्रचंड झूम देणारे निकॉनचे पी९०० आणि पी१००० हे कॅमेरेही लोकप्रिय आहेत. पी१००० तर ३००० मिलिमीटरपर्यंत जातो. हाताळायला सोपा, चंद्राचे खड्डे लख्ख दाखवणारा. पण सेन्सर छोटा, त्यामुळे अंधारात चित्र दाणेदार येते. शिवाय फोकस चुकला की साधी चांदणी थरथरणारी, रंग बदलणारी पारदर्शक तबकडी होऊन बसते. इंटरनेटवरच्या कितीतरी ‘यूएफओ’ अशाच जन्मल्या आहेत.

मार्ग टिपायचा असेल तर झूम लागतच नाही. ट्रायपॉडवर १८-५५ ची साधी लेन्स आणि शटर पाच-दहा सेकंद उघडे. विमानाची रेघ सरळ येते आणि तिच्यावर लुकलुकीचे ठिपके समान अंतरावर पडतात. उपग्रहाची रेघ अखंड येते, तर ड्रोनची वळते, थांबते, गुंतते. जुन्या डीएसएलआरवरही हे जमते. केवळ या कामासाठी लाखभर रुपये घालवण्यात मात्र अर्थ नाही.

लाखाच्या लेन्सपेक्षा शेजाऱ्याचा फोन कामाचा?

बऱ्याचदा हो. अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावरून दोघांनी एकाच वेळी तो दिवा ताऱ्यांसह टिपावा. फोनवर बोलत ‘आता’ म्हणायचे आणि बटण दाबायचे. चारशे किलोमीटरवरचा उपग्रह दोन्ही फोटोंत ताऱ्यांच्या मानाने जवळजवळ एकाच जागी दिसेल. दहा किलोमीटरवरचे विमान तीनेक अंश सरकेल, म्हणजे सहा चंद्र एकाशेजारी एक ठेवल्याइतके. तीनशे मीटरवरचा ड्रोन एकाला पूर्वेला तर दुसऱ्याला पार डोक्यावर किंवा पश्चिमेला दिसू शकेल. दिवा गावावर आहे की अंतराळात, हे इतक्यात कळते, आणि खर्च शून्य. आकाश ढगाळ असेल तर ताऱ्यांऐवजी होकायंत्राची दिशा आणि मुठींची उंची दोघांनी लिहून ठेवावी.

व्हिडीओ पुढे कसा पाठवावा?

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला, की तो आक्रसतो आणि फाइलमधला वेळ-ठिकाणाचा तपशील निघून जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल तशीच जाते. संगीत, बाण, लाल वर्तुळ काही चढवू नये आणि मूळ चित्रण फोनमधून पुसू नये. कॅमेऱ्याचे लोकेशन आधीच सुरू केलेले असावे.

संशय खरा वाटत असेल तर ११२ वर कळवावे. ड्रोनसाठी देशात २०२१ चे नियम लागू आहेत. मोकळ्या, म्हणजे हरित क्षेत्रातही १२० मीटर म्हणजे ४०० फुटांची मर्यादा असते आणि विमानतळाच्या परिसरात बंधने आणखी कडक होतात. दगड, बंदूक किंवा लेझर यांचा प्रयोग करू नये. खाली पडणारा ड्रोन कोणाच्याही डोक्यावर पडू शकतो. आणि तो दिवा बारामतीच्या धावपट्टीकडे निघालेल्या विमानाचा असेल, तर लेझरचा झोत थेट वैमानिकाच्या डोळ्यांत जातो. खगोलाच्या अंगाने शंका असेल, तर १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथे फाइल दाखवताना पहिला प्रश्न बहुधा हाच येईल : नेमके किती वाजता आणि कुठून पाहिले?