‘ब्लूम’ म्हणजे नेमकं काय?

‘ब्लूम’ म्हणजे फुलणे, असं आपण शाळेत शिकलो. त्याचा भाऊबंद ‘ब्लॉसम’ हा मुख्यतः झाडांच्या, त्यातही फळझाडांच्या फुलोऱ्यासाठी वापरतात. मराठीला असे बारकावे नवे नाहीत: आंब्याला मोहर येतो, उसाला तुरा येतो, डाळिंबाचा मृग बहर धरतात.

विज्ञानात मात्र फुलाशिवायही ब्लूम येतो. द्राक्षावर बोट फिरवलं की पुसली जाणारी पांढुरकी साय म्हणजे ब्लूम. ते द्राक्षाच्या सालीनेच तयार केलेलं मेण असतं आणि त्यामुळे फळातलं पाणी लवकर उडत नाही. (द्राक्षं धुवायची मात्र आहेतच!) फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर इथल्या दमट हवेत दव धरतं. त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडालं की पांढरे स्फटिक उरतात. हा ‘शुगर ब्लूम’. चॉकलेट उन्हात मऊ होऊन पुन्हा घट्ट झालं, तर त्यातलं कोको बटर वर येऊन पांढरे डाग पडतात. तो ‘फॅट ब्लूम’. दोन्ही दिसायला वाईट, पण निरुपद्रवी.

पुंगोलसमोरच्या जोहोर सामुद्रधुनीतला ब्लूम वेगळा. पाण्यात नत्र-स्फुरद वाढलं, भरपूर ऊन मिळालं आणि पाणी संथ असलं, की सूक्ष्म शैवालं भराभर वाढतात. हा ‘अल्गल ब्लूम’. १९२४ मध्ये खुला झालेला कॉजवे भरीव असल्याने या सामुद्रधुनीत पाणी आरपार खेळत नाही. काही शैवालांची विषं माशांचे कल्ले निकामी करतात. शिवाय रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं. मेलेली शैवालं कुजतानाही प्राणवायू संपतो. मोकळा मासा दूर पळू शकतो, पिंजऱ्यातला नाही. २०१५ च्या सुरुवातीला इथल्या मत्स्यशेतीतले शेकडो टन मासे असेच मेले. अनेकांची वर्षाची कमाई गेली.

काही ब्लूम दिसायला मात्र मोहक असतात. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, ती बहुधा नॉक्टिल्यूका या एकपेशीय जीवाची गर्दी असते.

मराठीत याला ‘शैवाल बहर’ म्हटलं जातं. पण ‘बहर’ ऐकून मन प्रसन्न होतं, सावध होत नाही. मासे मारणाऱ्या ब्लूमला मी ‘शैवालांचा उद्रेक’ म्हणेन. साथीच्या रोगांमुळे हा शब्द आपल्या चांगलाच ओळखीचा आहे, आणि तो ऐकून कोणी पाण्यात पाय बुडवायला जाणार नाही.